प्रतिज्ञापत्राच्या मागच्या बाजूस

अंधेरी (पूर्व),
श्रावणातला तिसरा शनिवार

ती. बाळदादास,

धाकट्या नलूचा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातून वाकले असं समजून घे. मुलं मनातल्या मनात अभ्यास करतात यावर मुख्याध्यापक असताना तुझा कधी विश्वास बसला नाही, पण या एका बाबतीत बसव.) सौ. उत्तरावहिनीला नमस्कार, तिच्या मांजरीला आणि पिलांना आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. आमचे हे, म्हणजे तू ज्यांना तोंडावर गुणाजीराव आणि पाठीमागे गिरणीवाला म्हणतोस ते, काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात, खाली कोणी कोणाच्या जागेत गाडी लावली ते बघतात आणि आत येऊन मला सांगतात. त्यांचं उत्तम चाललं आहे.

तुझी प्रकृती ठणठणीत आहे असं तूच लिहिलं आहेस, म्हणजे असणारच. मे महिन्यात तू गोव्याला निवृत्त मुख्याध्यापकांच्या संमेलनाला गेलास आणि अकरा दिवस तिकडेच राहिलास. संमेलन फारच रंगलं असणार. तिथून आल्यापासून तू माडीवर चढत नाहीस, लोणच्याला हात लावत नाहीस आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात मोजून फेऱ्या मारतोस, असं वहिनीच्या बोलण्यात आलं. मुख्याध्यापकांनी एकमेकांना काय काय उपदेश केले कोण जाणे. असो. जप.

तुझं रजिस्टर पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा शेजारच्या दोन दारांना फटी पडल्या, रजिस्टर म्हणजे कोर्टाची नोटीस असा आमच्या मजल्यावर समज आहे. फोडून बघते तर खरोखरच नोटीस. आखीव कागद, समास सोडलेला, तुझं ते मोत्यासारखं अक्षर. 'मी, सौ. नलिनी गुणाजी परब, वय ६८, प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की, साकीनाका येथील ख्रिस्ती प्रार्थनास्थळाशी माझा कोणताही संबंध नाही, नव्हता व राहणार नाही.' खाली सहीसाठी जागा, साक्षीदारांसाठी दोन रेघा. हे चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूळ घरात भावकीसमोर वाचायचं, आणि वाचलं नाही तर नलूने गणपतीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मोदकांना हात लावायचा नाही. एक्केचाळीस वर्षं मी त्या घरात मोदक वळते आहे. लग्न झालं त्या वर्षीही आले होते. यंदा म्हणे शर्मिष्ठा वळणार. शर्मिष्ठा आपली चुलतवहिनी आहे, स्वभावाने चांगली आहे, पण तिचे मोदक वाफ लागली की तोंड उघडतात, हे तुला, मला आणि गणपतीला, तिघांनाही ठाऊक आहे.

तर दादा, मी सही करणार नाही. आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील. कागदाची मागची बाजू कोरी होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून याच कागदावर उत्तर लिहायला घेतलं. (मागची बाजू आता संपत आली, पुढे वहीची पानं जोडली आहेत, क्रमांक घातले आहेत.) तुझ्या त्या एका वाक्यात तीन विधानं आहेत. 'संबंध नाही' हे खोटं. 'नव्हता' हेही खोटं. 'राहणार नाही' हे मला अजून ठाऊक नाही. ज्या मुख्याध्यापकाने आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावले, त्याने सख्ख्या बहिणीला एका दमात दोनदा खोटं लिहायला सांगावं याचं मला नवल वाटतं. आणि तू फोनवर 'नलू, तू बाटलंस काय गो?' असं विचारलंस ते अंगणभर, सगळ्या खळ्याला ऐकू गेलं असणार, तुझा आवाज मला माहीत आहे. नाही बाटले. देव्हारा जागच्या जागी आहे, संकष्टी सुटलेली नाही, उंदीर येतात म्हणून रात्री देवापुढे नैवेद्याची वाटी ठेवत नाही इतकंच. हे तुला तोंडी सांगते आहे. लिहून मात्र देणार नाही.

संबंध कसा आला ते ऐक. मागच्या वर्षी जुलैत हे न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. (दुरुस्त करायची की नवी बसवायची यावर सोसायटीचं एकमत व्हायचं होतं. अजून व्हायचं आहे.) आमची लेक मानसी जर्मनीत, ती तिथून रडून काय करणार. मी आपल्या धुरी परिवाराच्या ग्रुपवर टाकलं की हे पडले, खाली न्यायला माणसं हवीत. पंधरा मिनिटांत एकसष्ट जणांनी हात जोडून पाठवले. हात लावायला एकही आला नाही. तुझा पुतण्या यज्ञेश बोरिवलीत राहतो, त्याने एक गुलाबाचं फूल पाठवलं, ते आपलं आपण उघडत होतं आणि मिटत होतं. हे लादीवर पडलेले, मी उशी देऊन बसले आहे आणि समोर फोनवर ते फूल चाललं आहे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची रुचिरा आली. नर्स आहे, तोपर्यंत जिन्यात भेटली की हसण्यापुरती ओळख. तिने एकच फोन केला आणि अर्ध्या तासात सहा पुरुष आले, दोन रिक्षावाले, बाकीचे साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले, हाताला ग्रीस तसंच. त्यांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि चार मजले उतरवलं. गिरणी बंद पडली तरी ह्यांचं वजन कधी उतरलं नाही, त्यामुळे ही काही फुलं वाहून नेण्याची गोष्ट नव्हती.

पुढे चाळीस दिवस दोन वेळचा डबा आला. रोज वेगळ्या घरचा. एक दिवस तर बोंबलाचं कालवण आलं, ह्यांनी आजारपण विसरून वाटी चाटली. आता दादा, मी काही दूधखुळी नाही. मला वाटलं, हे लोक आज डबा देतील, उद्या पुस्तक देतील, परवा म्हणतील चला. मी वादाची पुरती तयारी करून ठेवली होती, संतांची सात-आठ वचनं पाठ करून बसले होते, तू ऐकतास तर पाठ थोपटली असतीस. पण कोणी वाद घालायलाच येईना. डबा ठेवायचे, रिकामा न्यायचे. अकराव्या दिवशी न राहवून मीच रुचिराला विचारलं की तुमच्या येशूचं काय ते बोलून टाका एकदाचं. ती ह्यांच्या जखमेची पट्टी बदलत होती. म्हणाली, मावशी, आधी काकांना उभं करू. माझी सात-आठ वचनं फुकट गेली.

तेव्हा कळलं की तिचा नवरा देवेश हा त्यांच्या मंडळीचा पास्टर. (मंडळी म्हणजे त्यांच्यात चर्चची सगळी माणसं मिळून. आपण 'काय मंडळी, जेवलात का' म्हणतो त्यातली नव्हे, पण जेवलात का हेही ते विचारतातच.) नाव कृपाझरा मंडळी. इमारत नाही, घंटा नाही, मनोरा नाही. साकीनाक्याला एका बफिंगच्या, म्हणजे धातूला झिलई देण्याच्या, कारखान्यावरचा गाळा आहे, रविवारी खालची मशीनं बंद असतात तेव्हा वर यांची उपासना चालू होते. माझ्या मते आवाज तेवढाच राहतो. आमच्या सोसायटीची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी लिहिली होती हे देवेशला कोणीतरी सांगितलं, आणि तो आर्जव करायला आला की आमचं पंचविसावं वर्ष आहे, तर आमचा इतिहास, ध्येय आणि मूल्यं अशी एक पुस्तिका चांगल्या मराठीत लिहून द्या. चाळीस दिवसांचे डबे पोटात असलेली बाई नाही कशी म्हणणार. शिवाय महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मी निबंध तपासले, स्वतः लिहायचा योग दोनदाच आला.

इतिहास लिहायचा म्हणजे आधी साल हवं. यांच्याकडे ना इतिवृत्ताची वही, ना हजेरीपट. मंडळी सुरू केली ती देवेशच्या आईने, जयंतीबाईंनी, वाकोल्याच्या त्यांच्या खोलीत. आता एक्याऐंशीच्या आहेत, दात सगळे स्वतःचे. चार बायका, एक चटई आणि एक बायबल, ज्याची पहिली चौदा पानं उंदरांनी खाल्ली होती. त्यामुळे सृष्टी कशी निर्माण झाली हे त्यांना बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं, त्या थेट मधूनच सुरू झाल्या, आणि काही अडलं नाही म्हणतात. मी विचारलं, जयंतीबाई, साल कोणतं. त्या म्हणाल्या, नीलाचा दमा गेला त्या साली. नीलाला विचारलं तर ती म्हणाली, दमा गेला तो शुभाच्या मुतखड्यानंतर. शुभा म्हणाली, मुतखडा पडला तेव्हा सर्वेशने दारू सोडली होती. सर्वेशला गाठलं तर त्याने दारू तीनदा सोडलेली, त्यामुळे त्याच्यावरून साल निघत नाही. यांच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. त्यामुळे तारीख विचारली की लोक उभे राहतात. मी एका दुपारी अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या, सतरा दुखणी जमली आणि एकही साल नाही. पास्टर म्हणाला, मावशी, प्रभूला ठाऊक आहे. मी म्हटलं, प्रभूला असेल, पण छापखान्याला कळवावं लागतं. शेवटी मी मुखपृष्ठावर 'रौप्यमहोत्सव (अंदाजे)' असं घातलं आहे. पास्टरला कंस नको आहे. मी कंस काढणार नाही. इतिहास आहे तो, आरती नव्हे.

एक सांगते, त्यांच्या प्रार्थनेची मला सवय व्हायला वेळ लागला. सगळे एकदम मोठ्याने बोलतात, ज्याचं त्याचं वेगळं, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी अशा भाषेत की ती कोणाचीच नव्हे. त्याला ते आत्म्याची भाषा म्हणतात, त्याबद्दल मी बोलत नाही, मला कळत नाही. पण साठ माणसं एकदम बोलायला लागली की चौतीस वर्षांच्या मास्तरणीच्या हाताचं काय होतं हे तुला सांगायला नको. पहिल्याच रविवारी माझा हात आपोआप समोरच्या टेबलावर आपटला आणि तोंडातून गेलं, 'एकेकाने बोला.' गाळा चिडीचूप. पास्टरने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रिक्षावाल्यांनी हाताची घडी घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जयंतीबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं की देवाला एकदम ऐकू येतं, बाई, तो मास्तर नाही, आणि सगळे पुन्हा सुरू झाले. ते मी पुस्तिकेत घातलेलं नाही.

वर्सोव्याचं मात्र घातलं आहे. यांचा बाप्तिस्मा पाण्यात अख्खं बुडवून होतो. पहिल्या खेपेला आठ जणांचा ठरला. दिवस ठरवण्यासाठी यांनी तीन दिवस उपास केला, प्रार्थना केली, सगळं केलं, फक्त भरतीची वेळ कोणी बघितली नाही. पांढरे कपडे घालून सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पोचले तर समुद्र मढच्या दिशेला कुठेतरी दिसतोय आणि मधे नुसता चिखल. गेले तसेच चालत, गुडघाभर रुतत, गाणी म्हणत. बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणींना वाटलं सरकारी माणसं जमीन मोजायला आली, त्या कोयते घेऊनच पुढे आल्या. खरं काय ते कळल्यावर हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनीच यांचे पाय धुवायला पाणी दिलं, चहा पाजला आणि दुपारपर्यंत बोंबील वाळवायच्या मांडवाच्या सावलीत बसवून ठेवलं. चार वाजता समुद्र आला तेव्हा आठही जणांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून जयंतीबाईंच्या बायबलमध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. सांग मला, यात लाज वाटण्यासारखं काय आहे. आपल्या घरचा गणपती तू एकदा ओहोटीत विसर्जनाला नेला होतास आणि चार तास खाडीवर बसला होतास, तेव्हा कोणी तुझ्याकडून लिहून घेतलं होतं का.

ध्येय आणि मूल्यांचं प्रकरण वेगळंच. पास्टरने मला अकरा मुद्दे लिहून दिले. त्यात सर्वांगीण परिवर्तन होतं, दृष्टी होती, नेतृत्वविकास होता, सगळं असं की कुठल्याही पतपेढीच्या अहवालात शोभेल. मी लाल पेन घेऊन बसले, एकेका शब्दाला विचारलं, म्हणजे तुम्ही काय करता. त्याला सांगता येईना. जयंतीबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या, त्या म्हणाल्या, आलेल्याला चहा द्यायचा आणि न आलेल्याच्या घरी जायचं, एवढंच करतो. मी अकराही मुद्द्यांवर काट मारली आणि तेवढंच एक वाक्य ठेवलं. पास्टर दोन दिवस फुगून बसला होता. मग त्यानेच फोन करून सांगितलं, राहू दे. आणखी एक, तिथे कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. मला त्याची फार चुटपुट लागते, मी बाजूला घेऊन हळूच विचारून घेते. माझी ही सवय जायची नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आहे.

आता त्या व्हिडिओचं, ज्यासाठी तू एवढा आखीव कागद खर्ची घातलास. मे महिन्यातला तिसरा रविवार. मी कोपऱ्यात वही घेऊन टिपणं काढत बसले होते. नेमका माईक बंद, पास्टर घसा ताणून बोलत होता. शेवटी त्यांच्या पद्धतीप्रमाणे तो म्हणाला, सगळ्यांनी डोळे मिटा, ज्याच्या मनावर ओझं असेल, ज्याला प्रभूकडे काही मागायचं असेल, त्याने हात वर करा. माझ्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. (मे महिन्यात कसला पंख्याचा त्रास म्हणशील. मला वाताचा आहे, मानेत भरतं.) मी पंखा कमी करा म्हणून सांगायला हात वर केला, आणि झालं. त्यांच्यात एकदा हात वर गेला की तो कशासाठी गेला हे विचारायची सोय नाही. मला पुढे नेलं, साठ माणसांनी डोक्यावर, खांद्यावर, कोपरावर जिथे जागा मिळेल तिथे हात ठेवले. मी 'पंखा' म्हणाले, ते 'आमेन' म्हणाले. रुचिरा रडायला लागली. हे सगळं त्यांच्या चॅनेलवर कोणीतरी फोन धरून दाखवत होतं, आणि यज्ञेशला ते जुलैत सापडलं. आत्याचे यजमान पडले तेव्हा ज्याला बोरिवलीहून अंधेरी लांब पडली, त्याने दोन महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ शोधून काढला, माझ्या हाताभोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला, खाली 'आत्याबाईंनी करून दाखवलं'. भावकी म्हणते की काळोखात बसतात, म्हणजे नक्की काहीतरी करणी आहे. त्या गाळ्याला एकच खिडकी आहे, बाबांनो.

दादा, तू गावात रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालतोस. 'बा देवा म्हाराजा' म्हणून तू सुरुवात करतोस, कोणाचं पोर परीक्षेला बसलंय, कोणाची गाय व्यायची आहे, कोणाला नोकरी नाही, सगळ्यांचं एकेक मागतोस आणि प्रत्येक मागण्यावर अख्खा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, देव ऐकतो तो तुझ्या आवाजामुळे. आता वाटतं, एवढी माणसं एकाच्या दुखण्याला एकदम हो म्हणतात, तेच मोठं काम आहे. त्या गाळ्यात मी तेच बघितलं. देव वेगळा, राग वेगळा, ढोलकी थोडी बेसूर, पण दुसऱ्याच्या दुखण्याला होय म्हणणारी माणसं तीच. ह्यांना खुर्चीत बांधून उतरवणाऱ्यांशी माझा संबंध 'नव्हता' असं मी लिहून दिलं, तर गणपतीचे मोदक वळताना माझं चित्त ठिकाणावर राहणार नाही आणि कळ्या बिघडतील. मग माझे आणि शर्मिष्ठाचे मोदक सारखेच.

तेव्हा मी येणार. तृतीयेला सकाळी कुडाळला उतरते. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंत तर ओटीवर बसून वळेन, उकड वहिनी बाहेर आणून देईल, तिच्याशी माझं बोलणं झालं आहे. ओटीवरूनही हाकललंत तर खळ्यात बसेन, तुळशीच्या बाजूला, जिथे येणाराजाणारा बघेल. भावकीला जे वाचायचं असेल त्याने हे पत्र वाचावं, पाठपोट. तुझी नोटीसही पहिल्या कागदाच्या पुढच्या बाजूला आहेच, सहीची जागा कोरी सोडली आहे.

यज्ञेशला माझा आशीर्वाद सांग. गुलाबाचं फूल मी जपून ठेवलं आहे.

तुझ्या शब्दाबाहेर कधी न गेलेली (एवढ्या एका खेपेचं सोडून),
नलू

ता. क. सोबत पुस्तिकेची चोवीस पानं पाठवते आहे. मुख्य म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं, बाकीचं ओघात आलं. सगळ्या साकीनाक्यात तुझ्यासारखं व्याकरण जाणणारा माणूस मिळायचा नाही. लाल पेनाने तपासून ठेव, मी आले की घेऊन जाईन. कंसाला हात लावू नकोस.

ता. क. दोन. हेही येताहेत, तेव्हा सामानात ह्यांची काठी, माझं मोदकपात्र आणि जयंतीबाईंनी तुझ्यासाठी दिलेली बिनमिठाची लसणीची चटणी आहे. बिनमिठाची का, ते पुढे.

ता. क. तीन. हे भावकीसमोर वाचू नकोस, एकट्याने वाच. मघाशी पंख्याचं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. त्या रविवारी सकाळपासून लाईट नव्हती. माईक बंद होता तो त्यामुळेच, काळोखही त्यामुळेच. पंखा कुठून फिरणार. तू व्हिडिओ नीट बघितला असतास तर तुला दिसलं असतं, सगळे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. शनिवारी वहिनीने मला रडत फोन केला होता. नलूला कळता कामा नये, अशी तू शपथ घातली होतीस, ती तिने मोडली, त्याबद्दल तिला एक शब्द बोललास तर बघ. गोव्याला संमेलन नव्हतं, तिथल्या इस्पितळात सोमवारी सकाळी तुझं बायपासचं ऑपरेशन होतं. मी घरात नारळ हातात घेऊन रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, तो नारळ या खेपेला फोडायचा आहे. पण एकटीच्या गाऱ्हाण्याला होय म्हणणारं घरात कोण, हे झोपलेले. रविवारी पास्टरने विचारलं कोणाच्या मनावर ओझं आहे, तेव्हा माझा हात वर गेला तो मीच केला, उघड्या डोळ्यांनी केला. कोणासाठी म्हणून विचारलं तेव्हा हजेरीपटावर घेतात तसं पूर्ण नाव सांगितलं. साठ ख्रिस्ती माणसं डोळे मिटून, घसा फोडून ओरडत होती की प्रभू, बाळकृष्ण विष्णू धुरी, वय चौऱ्याहत्तर, यांना वाचव (व्हिडिओत त्या गलक्यात नाव कळत नाही). शेवटी सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून सवयीने 'होय म्हाराजा' गेलं. पास्टरने डोळे उघडले, थोडा विचार केला आणि म्हणाला, चालेल. सोमवारी तुला आत नेलं तेव्हापासून शुद्धीवर येईपर्यंत जयंतीबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तू वाचलास तो कोणामुळे यावर मी वाद घालणार नाही, डॉक्टरही चांगला होता. पण तुझं नाव त्यांच्या यादीत अजून आहे, दर रविवारी घेतात. काढायचं असेल तर साकीनाक्याला येऊन स्वतः सांग. मी लिहून देणार नाही.